हॉस्पिटलमधली आपली फाईल कशी मिळवायची: केस पेपर, रिपोर्ट आणि रेकॉर्डबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेशंटला डिस्चार्ज मिळतो, हातात दोन पानांचं डिस्चार्ज कार्ड येतं, सगळे घरी येतात. आणि मग सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर विचारतो की ऑपरेशनमध्ये नेमकं काय सापडलं होतं, भूल कुठली दिली, रक्त चढवलं होतं का, आणि घरात कोणालाच सांगता येत नाही. हे सगळं लिहिलेलं असतं, पण ते हॉस्पिटलच्या फाईलमध्ये, आणि ती फाईल आपल्याला मागता येते हेच कित्येकांना माहीत नसतं. म्हणून लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. तक्रारीची ऑफिसं वगैरे महाराष्ट्राची आहेत, मुख्य नियम मात्र देशभर एकच आहे.

फाईल मागायचा खरंच हक्क आहे का, की डॉक्टरांनी मनावर घेतलं तरच मिळते?

हक्क आहे. इंडियन मेडिकल कौन्सिलची २००२ ची डॉक्टरांसाठीची आचारसंहिता आहे, तिच्यातला नियम १.३.२ सांगतो की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर त्याची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. पुढे ७.२ मध्ये हेही आहे की रेकॉर्ड ठेवलं नाही किंवा ७२ तासांत द्यायला नकार दिला तर ते डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जातं. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, मुंबई हायकोर्टाने रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की पेशंटने किंवा जवळच्या नातेवाईकाने मागितले तर केस पेपरच्या कॉप्या द्यायलाच लागतील, गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने कधीच सुटलेला आहे, काउंटरवर मात्र रोज नव्याने सोडवावा लागतो.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यातही रेकॉर्डचा हक्क आहे. पेशंट ॲडमिट असताना शक्यतो २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत. आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि ठराविक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. रिसेप्शनवर गेलात की भिंतीकडे एकदा बघा, बोर्ड असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, नसेल तर तोही तक्रारीचा मुद्दा होतो.

कोणीतरी सांगितलं की आता नियम बदललाय, ७२ तास नाही, पाच दिवस झालेत?

ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने (मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेली संस्था) नवी नियमावली काढली होती, तिच्यात मुदत पाच कामकाजाच्या दिवसांची होती. पण त्याच महिन्यात ती स्थगित केली आणि २००२ चीच नियमावली चालू ठेवली. त्यामुळे अर्जात २००२ चा नियमच लिहा.

डिस्चार्ज कार्ड दिलंय की, अजून काय मागायचं असतं?

बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. डिस्चार्ज कार्ड म्हणजे डॉक्टरांनी शेवटी काढलेला गोषवारा, तो कधी छान असतो कधी चार ओळींत उरकलेला असतो. खरी माहिती इनडोअर केस पेपरमध्ये असते. ॲडमिशनच्या वेळची नोंद (त्रास कधीपासून, बीपी-शुगर किती, कशाची ॲलर्जी), रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, कुठलं औषध किती वाजता दिलं तो चार्ट, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी), ऑपरेशन झालं असेल तर ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या नोट्स आणि भूलतज्ज्ञांच्या नोट्स, तुम्ही सही केलेली संमतीपत्रं, रक्त चढवलं असेल तर त्याची नोंद, दुसऱ्या स्पेशालिस्टला बोलावलं असेल तर त्याचं मत, आणि आयटमवार बिल.

स्टेंट, गुडघ्याचा सांधा, डोळ्यातली लेन्स, पेसमेकर असं काही बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेलं असतं, कंपनी, मॉडेल आणि नंबर त्यावर असतो. त्याची कॉपी हट्टाने घ्या. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली किंवा सांधा बदलायला लागला की सगळ्यात आधी तेच विचारतात.

एमआरआय, सीटी स्कॅनचा नुसता कागदी रिपोर्ट घेऊ नका, सीडी किंवा डिजिटल इमेजेस घ्या, कारण दुसरा रेडिओलॉजिस्ट फोटो बघून मत देतो, पहिल्याचा रिपोर्ट वाचून नाही. आणि बायोप्सी झाली असेल तर स्लाइड्स आणि ब्लॉक मागायचे. गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवलेला असतो त्याला ब्लॉक म्हणतात. परळला टाटामध्ये दाखवायला जाणाऱ्यांना हे विचारलंच जातं, आणि माणसं सोलापूर, नांदेडहून नंबर लावायला येतात, तिथे कळतं की ब्लॉक गावच्या लॅबमध्येच राहिला, मग एक जण परत जाणार आणि पेशंट धर्मशाळेत थांबणार. हे निघायच्या आधीच करून घ्या.

बाळंतपण झालं असेल तर बाळाची फाईल वेगळी असते, तीही मागा. जन्माचं वजन, बाळ लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, कावीळ किती होती. मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं की पहिला प्रश्न जन्माच्या वेळचाच असतो.

ओरिजिनल मिळतात की झेरॉक्स?

इनडोअर केस पेपर हॉस्पिटलकडे राहतात, कारण ते जपून ठेवायची जबाबदारी त्यांचीच आहे, तुम्हाला सही-शिक्क्याची झेरॉक्स मिळते. तपासण्यांचे रिपोर्ट, एक्सरेच्या फिल्म्स, सीडी हे ज्यासाठी तुम्ही पैसे भरलेत ते ओरिजिनल तुमच्या हातात यायला हवं. ॲडमिट होताना घरून नेलेले जुने रिपोर्ट तर तुमचेच, ते फाईलला लावून घेतात आणि तिथेच राहून जातात, डिस्चार्जच्या दिवशी आठवणीने काढून घ्या.

अर्ज कसा लिहू? इंग्रजीतच लागतो का?

मराठीत चालतो. साध्या कागदावर हाताने लिहिलात तरी चालतो, स्टॅम्प पेपर, ॲफिडेव्हिट काहीही लागत नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये एमआरडी म्हणजे मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंट असतं, त्यांचा छापील फॉर्म असतो, तो भरा. छोट्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरांच्याच नावाने द्या. मजकूर साधारण असा:

प्रति, वैद्यकीय अधीक्षक / मेडिकल रेकॉर्ड विभाग.
विषय: माझ्या उपचारांच्या संपूर्ण कागदपत्रांच्या प्रती मिळणेबाबत.
मी आपल्या रुग्णालयात दि. ____ ते दि. ____ या काळात दाखल होतो/होते. आयपीडी क्रमांक ____. माझ्या संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या (डॉक्टर व नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, शस्त्रक्रिया व भूल नोंदी, संमतीपत्रे, सर्व तपासणी अहवाल, तपशीलवार बिल) साक्षांकित प्रती व स्कॅनची सीडी मिळावी. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतील नियम १.३.२ नुसार ही कागदपत्रे ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. प्रतींचा योग्य खर्च मी भरेन. सोबत ओळखपत्राची व डिस्चार्ज कार्डची प्रत जोडली आहे.

आयपीडी क्रमांक म्हणजे ॲडमिट झाल्यावर मिळालेला नंबर, तो डिस्चार्ज कार्डवर बघा. खाली सही, तारीख, मोबाईल नंबर. दोन प्रती करा, एक त्यांना द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. अर्जात कारण लिहायची गरज नाही. विचारलंच तर "पुढच्या उपचारांसाठी" एवढं पुरेसं आहे.

पोच द्यायला नाही म्हणतात. "साहेब नाहीयेत, उद्या या."

मग तिथे वाद घालत बसू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, ऑनलाइन ट्रॅकिंगमध्ये पोचल्याचं दिसलं की स्क्रीनशॉट काढा, आणि हॉस्पिटलच्या ईमेलवरही टाका. नुसतं तोंडी मागितलं आणि नंतर ते म्हणाले की कोणी मागितलंच नव्हतं, तर तुमच्या हातात काही राहत नाही. ७२ तास मोजायचे कधीपासून हे त्या शिक्क्यावरूनच ठरतं.

किती पैसे घेऊ शकतात?

१९९६ च्या निकालात कोर्टाने कॉप्यांचा आवश्यक खर्च घ्यायला परवानगी दिलीय. म्हणजे झेरॉक्सचे, सीडीचे पैसे. खाजगी हॉस्पिटलसाठी एका पानाचा ठराविक दर त्यात दिलेला नाही, त्यामुळे कोणी थोडे जास्त लावतात, त्यावर भांडण्यात अर्थ नाही, पावती घ्या. पण "फाईल चार्जेस" म्हणून पाच-दहा हजार सांगितले तर तो खर्च नाही, ती अडवणूक आहे, तो आकडा लेखी मागा.

बिल थोडं बाकी आहे, म्हणून फाईल देत नाहीत.

७२ तासांच्या नियमात "बिल भरलं असेल तर" अशी अट कुठेही नाही. थकलेलं बिल वसूल करायचे हॉस्पिटलकडे कायदेशीर मार्ग आहेत, पेशंटची माहिती दाबून ठेवणं हा त्यातला मार्ग नाही. मानवाधिकार आयोगाच्या सनदेत तर हेही आहे की बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. मृतदेहासाठी दागिने गहाण टाकायला निघालेल्या माणसाला हे त्या क्षणी कोणीतरी सांगायला हवं, म्हणून इथे ठळक सांगते: तसं करता येत नाही, तिथल्या तिथे पोलिसांना आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा.

फाईल मागितली की डॉक्टर चिडतात, त्यांना वाटतं आम्ही केस करणार. पुढची ट्रीटमेंट तर त्यांच्याकडेच घ्यायचीय.

ही भीती खरी आहे आणि तिच्यापायीच बहुतेक लोक मागत नाहीत. माझं मत विचाराल तर फाईल भांडण झाल्यावर मागूच नये, सगळं चांगलं झालेलं असताना, पेढे द्यायला जाल त्याच दिवशी मागावी. "डॉक्टर, घरी एक सेट ठेवायचाय, पुढे कुठे दाखवायला लागलं तर असावा" असं सरळ म्हणा. बरेच डॉक्टर स्वतःच म्हणतात की पेशंट जुने कागद घेऊन आला की त्यांचं अर्धं काम होतं. आपल्याकडे फाईल मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं उगीच होऊन बसलंय, बँकेचं पासबुक भरून घेताना आपण मॅनेजरवर संशय घेत नाही.

पेशंट अजून ॲडमिट आहे, आयसीयूत आहे, सेकंड ओपिनियन घ्यायचंय. आत्ता कागद मिळतील?

हो, आणि याच वेळी त्यांची सगळ्यात जास्त गरज असते. सनदेतली २४ तासांची गोष्ट याच परिस्थितीसाठी आहे. तोपर्यंतच्या रिपोर्टच्या कॉप्या, स्कॅनच्या इमेजेस आणि आत्ताची स्थिती सांगणारी समरी मागा. सेकंड ओपिनियन घेणं हा सुद्धा पेशंटचा वेगळा हक्क आहे. दुसरीकडे हलवायचं असेल तर ट्रान्सफर समरीशिवाय निघू नका, शेवटचा डोस कुठला आणि किती वाजता दिला हे पुढच्या डॉक्टरला कळलंच पाहिजे. तुम्ही सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतलात, ज्याला डामा म्हणतात, तरी रेकॉर्डचा हक्क तसाच राहतो, "डामा घेतला ना, आता काही मिळणार नाही" असं म्हणाले तर ते चूक आहे.

पेशंटऐवजी दुसरं कोण मागू शकतं?

पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर तो स्वतः, किंवा त्याने लेखी अधिकारपत्र देऊन नेमलेला माणूस. लहान मुलाचे आईवडील मागू शकतात. पेशंट बेशुद्ध असेल तर जवळचे नातेवाईक, आणि पेशंट गेला असेल तर वारस. अशा वेळी मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद (रेशन कार्ड, आधार) आणि स्वतःचं ओळखपत्र जोडा, आणि डेथ समरी नावाने मागा.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे कोणी बोलत नाही. नवऱ्याला बायकोची फाईल आपोआप मिळत नाही. सासूला सुनेची नाही, बापाला पंचवीस वर्षांच्या मुलीची नाही. तिची संमती लागते. गर्भपाताची माहिती गोपनीय ठेवायची सक्ती कायद्यात आहे, एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा वेगळा कायदा आहे, संमतीशिवाय स्टेटस सांगता येत नाही. काउंटरवरचा माणूस "घरचेच आहेत" म्हणून फाईल हातात देतो आणि त्यातून एखाद्या बाईचं आयुष्य उलटंपालटं होऊ शकतं. तेव्हा तुम्ही पेशंट असाल आणि तुमचे कागद कोणाला द्यायचे नसतील, तर तेही आधीच लेखी देऊन ठेवा.

सरकारी हॉस्पिटलचं काय? आरटीआय टाकायचा का?

ससून, केईएम, जिल्ह्याचं सिव्हिल, ग्रामीण रुग्णालय, सगळीकडे आधी अधीक्षकांच्या नावे वरचाच अर्ज द्या, तिथले डॉक्टरही त्याच आचारसंहितेत बसतात. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार २००५ खाली अर्ज करा. महाराष्ट्रात फी १० रुपये, कॉपीचे पानाला २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, पण जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास, आणि उपचार अडलेत असं असेल तर ते अर्जात वरच ठळक लिहा. "वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही" असं उत्तर आलं तर पहिलं अपील करा, स्वतःचीच माहिती स्वतःला नाकारायला वैयक्तिक माहितीचं कलम नाहीये. महात्मा फुले योजनेतून उपचार झाले असतील तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) भेटा, केस नंबर शोधायला त्यांची मदत होते.

फाईल किती वर्षं ठेवतात?

नियम तीन वर्षांचा आहे, आणि तो उपचार सुरू झाल्यापासून मोजतात. मोठी हॉस्पिटलं जास्त काळ ठेवतात, पण त्यावर विसंबू नका. गरोदरपणातल्या सोनोग्राफीचं रेकॉर्ड पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात दोन वर्षं ठेवायचं असतं. पोलीस केस किंवा कोर्टाचं प्रकरण असेल तर ते संपेपर्यंत. हे वाचताय आणि घरात कोणाचं ऑपरेशन दोन-अडीच वर्षांपूर्वी झालं असेल तर याच आठवड्यात अर्ज टाका.

अपघाताची एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) आहे, म्हणतात कागद पोलिसांकडेच मिळतील.

पोलिसांकडे एमएलसीची आणि पोस्टमार्टेमची प्रत जाते हे खरं, पण म्हणून उपचारांची फाईल तुम्हाला नाकारता येत नाही. अपघाताच्या भरपाईचा दावा करायचा तर हे कागद लागतातच. आणि लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, तपासणीच्या सगळ्या कागदांची प्रत त्या व्यक्तीला मोफत द्यायची असते, मागायची वाटही बघायची नसते.

मानसिक आजारावर उपचार घेतलेत, ते रेकॉर्ड मिळतं का?

मिळतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २५ मध्ये तो हक्क आहे. एखादी नोंद वाचून पेशंटला गंभीर मानसिक त्रास होईल किंवा दुसऱ्या कोणाला धोका होईल असं वाटलं तर डॉक्टर तेवढाच भाग रोखू शकतात, पण तसं केलं तर पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते हे पेशंटला सांगावं लागतं.

म्हणतात फाईल सापडत नाही. किंवा मिळाली पण खाडाखोड दिसतेय.

"सापडत नाही" हे लेखी घ्या. रेकॉर्ड ठेवणं ही त्यांचीच जबाबदारी असल्यामुळे उद्या प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर फाईल नसणं त्यांच्याच विरुद्ध जाऊ शकतं. मिळालेल्या फाईलची पानं मोजा, प्रत्येक पानावर शिक्का आहे का बघा, पान नंबर सुटलेत का बघा. खाडाखोड दिसली म्हणजे लगेच लबाडी असं नाही, घाईत लिहिताना चुकतं, पण खोडलेल्या जागी सही आणि वेळ नसेल तर तेवढी नोंद करून ठेवा.

७२ तास उलटले. आता तक्रार कुठे?

आधी एक स्मरणपत्र द्या, पुष्कळदा त्यानेच काम होतं. मग महापालिका हद्दीत असाल तर आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा, कारण नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन तिथूनच होतं. हद्दीबाहेर असाल तर जिल्हा पातळीवर, सिव्हिल सर्जनच्या ऑफिसमध्ये चौकशी करा. डॉक्टर ॲलोपॅथीचे असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. पण गावाकडची कितीतरी नर्सिंग होम बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर चालवतात, त्यांच्यासाठी अनुक्रमे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन आणि होमिओपॅथी कौन्सिल, चुकीच्या कौन्सिलकडे पाठवलं तर महिने वाया जातात, म्हणून लेटरहेडवरची डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर आधी बघा. कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते, तुम्हाला भरपाई देऊ शकत नाही. भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. तुम्ही भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पूर्ण मोफत उपचार देणारी सरकारी हॉस्पिटलं मात्र ग्राहक कायद्यात येत नाहीत.

मेडिक्लेमवाले ओरिजिनल घेऊन गेले, आता आमच्याकडे काहीच नाही.

देण्याआधी सगळं स्कॅन करा, मोबाईलवर केलं तरी चालेल, फक्त पानांचे कोपरे आणि तारखा दिसल्या पाहिजेत. आधीच देऊन बसला असाल तर हॉस्पिटलकडून नव्याने साक्षांकित प्रती मागा. क्लेमसाठी लागणारे कागद विमा कंपनीने आणि टीपीएने (कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) हॉस्पिटलकडून गोळा करायचे असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ च्या परिपत्रकात म्हटलंय, त्यामुळे तुम्हालाच पळवत असतील तर ते दाखवा.

आभा कार्ड काढलंय, मग आता सगळं रेकॉर्ड त्यात येतं ना?

आभा हा सरकारने डिजिटल आरोग्य नोंदींसाठी दिलेला १४ आकडी नंबर आहे, हॉस्पिटलने रेकॉर्ड त्याला जोडलं आणि तुम्ही संमती दिली तरच ते दिसतं. नंबर काढल्याने जुनी फाईल आपोआप तिथे येत नाही. काढून ठेवा, पण कागद मागायचे थांबू नका.

मी दुबईत आहे, आईबाबा साताऱ्यात. इथून कसं करू?

बाबा पेशंट असतील तर त्यांनी सही केलेलं अधिकारपत्र लागेल, तुमच्या नावाने किंवा तिथल्या चुलतभाऊ-मावशी ज्यांना धावपळ जमते त्यांच्या नावाने. अर्ज तुम्ही ईमेलने पाठवा, त्याला अधिकारपत्राचा आणि बाबांच्या आधारचा फोटो जोडा, आणि स्कॅन केलेली पीडीएफ बाबांच्या आणि तुमच्या अशा दोन्ही ईमेलवर पाठवा असं स्पष्ट लिहा. स्कॅनची सीडी परदेशातल्या डॉक्टरला दाखवायची असेल तर सीडीवरच्या पूर्ण फाईल्स अपलोड करायला सांगा, फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो उपयोगाचा नसतो. पुढच्या वेळी सुट्टीवर याल तेव्हा बाबांकडून दोन-तीन अधिकारपत्रं सही करून ठेवा, हॉस्पिटलचं नाव आणि तारीख लागेल तेव्हा भरता येते, आणि ती कुठल्या कपाटात ठेवलीत हे शेजारच्या एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा.